चौदाव्या मजल्यावरून खाली उतरा

प्रिय ताई,

मी अंमळनेरची. शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलगा आणि सून बंगळूरला आयटीत आहेत, व्हाइटफील्डला चौदाव्या मजल्यावर राहतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आम्ही दोघं इथे आलो, मार्चच्या मध्यापर्यंत आहोत. मुलं प्रेमाने करतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण सोमवार ते शुक्रवार दोघंही लॅपटॉपसमोर, आणि शनिवार-रविवार मॉल. मला शहर बघायचंय. मुलगा म्हणतो, "आई, एकटी कुठे जाऊ नकोस, तुला भाषा येत नाही, ट्रॅफिक भयंकर आहे, आपण सगळे मिळून जाऊ." ते मिळून जाणं काही जमत नाही. परवा कुणाला न सांगता मी मेट्रो स्टेशनपर्यंत चालत गेले आणि परत आले. चोरी केल्यासारखं वाटलं. यांचे गुडघे दुखतात, त्यांना टीव्ही पुरतो. मी हट्ट करतेय का? आणि या काचेच्या इमारतींच्या गावात माझ्यासारखीने बघावं असं खरंच काही आहे का?

— एक वाचक, अंमळनेर (सध्या मुक्काम बंगळूर)

नमस्कार बाई,

एकतीस वर्षं शाळेतली मुलं तुम्हाला बाई म्हणत आली असतील, मीही तेच म्हणते.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. स्टेशनपर्यंत गुपचूप जाऊन आल्याचं ते वाक्य काही मनातून जाईना. जिने पन्नास-साठ पोरांचा वर्ग एकटीने सांभाळला, सहली नेल्या-आणल्या, प्रयोगशाळेत ॲसिडच्या बाटल्या हाताळल्या, तिला स्वतःच्या पायांनी स्टेशनपर्यंत जाऊन आल्यावर चोरी केल्यासारखं वाटावं, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. हा हट्ट अजिबात नाही. दुसऱ्याचंही देते. बघण्यासारखं इतकं आहे की तुमचे उरलेले दिवस पुरायचे नाहीत, आणि त्यातलं थोडं तर तुमच्या खानदेशातूनच तिथे गेलेलं आहे.

आधी मुलाचं बघू. त्याची काळजी खोटी नाही. तो रोज त्या गर्दीतून जातो, सिल्क बोर्डच्या चौकात अडकून पडतो, घरी आल्यावर त्याच्यात बाहेर पडायचं त्राण उरत नाही. पण बाई, ही मुलं तिथे आठ-आठ, दहा-दहा वर्षं राहतात आणि त्यांना माहीत असतं ते घर, ऑफिस, मॉल आणि विमानतळ. शहराचा बाकी भाग त्यांनाही परकाच असतो. जी वाट आपल्याला ठाऊक नाही तिच्यावर आईला कसं सोडायचं, असं त्याला वाटतं. यात त्याचा दोष नाही, पण त्याच्या सुट्टीची वाट बघत तुम्ही मार्च काढू नका.

"जाऊ का रे?" असं विचारूच नका. विचारलंत की तो नाही म्हणणार, आणि मग तुम्ही गेलात तर तो नियम मोडल्यासारखा होईल. रविवारी रात्री जेवताना सगळ्यांसमोर सरळ सांगा: "मंगळवारी मी मेट्रोने कब्बन पार्कला जाणार आहे. साडेदहाला निघेन, चारच्या आत घरी. व्हॉट्सॲपवर माझी जागा तुला दिसत राहील, तेवढं ते कसं चालू करायचं दाखव. आणि मेट्रोचं कार्ड काढून त्यात पैसे भरून दे." काम दिलं की मुलाला बरं वाटतं, त्याची काळजी कुठेतरी खर्ची पडते. चोरून जाणं मात्र आता बंद करा. चोरून गेलेल्या दिवशी साधा पाय मुरगळला तरी पुढचे सगळे दिवस घरात बसावं लागेल, आणि तेव्हा तुमच्या बाजूने बोलायला तुम्हालाही तोंड राहणार नाही.

आता जायचं कसं. व्हाइटफील्डकरांचं नशीब असं की २०२३ पासून जांभळी मेट्रो थेट तुमच्यापर्यंत आली आहे. पूर्वी याच प्रवासाला दोन-दोन तास लागायचे, आता पाऊण-एक तासात तुम्ही शहराच्या मध्यात. पाट्या आणि घोषणा कन्नड आणि इंग्रजीत असतात, तुम्हाला काहीच अडचण नाही. पहिला डबा बायकांचा. सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी पाचनंतर गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा ती वेळ टाळा. बंगळूरचा माणूस "किती लांब आहे" याचं उत्तर किलोमीटरमध्ये देत नाही, "आता निघालात तर चाळीस मिनिटं" असं सांगतो. तुम्हीही तसाच हिशोब ठेवा.

बसमध्ये बायका पैसे न देता तिकीट घेताना दिसतील. ती सवलत कर्नाटकात राहणाऱ्या बायकांसाठी आहे, आपल्याला तिकीट काढावं लागतं. कंडक्टरने मागितलं तर गैरसमज नको. रिक्षा रस्त्यात हात करून थांबवण्यापेक्षा ॲपवरून बोलवा, भाडं आधी कळतं. पायात चपला नकोत, बूट घाला. तिथल्या फूटपाथच्या फरश्या कुठे डुगडुगतील याचा नेम नसतो, आणि खरं सांगायचं तर एवढ्या मोठ्या गावात मला कशाची भीती वाटत असेल तर त्या फरश्यांची.

भाषेचं मी माझ्यावरून सांगते. १९९६ साली यांची बदली झाली आणि आम्ही मल्लेश्वरमला भाड्याने राहायला गेलो. पहिल्याच आठवड्यात तीन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन मी मॅजेस्टिकच्या, म्हणजे शहराच्या मुख्य, बस स्टँडवर गेले आणि बरोब्बर उलट्या दिशेच्या बसमध्ये बसले. घरं विरळ व्हायला लागली, शेतं दिसायला लागली, तेव्हा धाबं दणाणलं. कंडक्टरला "मल्लेश्वरम?" म्हटलं, तर त्याने मागे बोट दाखवलं. शेवटच्या थांब्यावर त्याने मला परतीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं, दुसऱ्या कंडक्टरला काहीतरी सांगितलं, आणि टपरीवरच्या बाईने लेकीच्या हातात बिस्किट ठेवलं. मला एक शब्द कळला नव्हता. त्या रात्री शेजारच्या आजींकडून मी पहिलं वाक्य घोकलं: "ननगे कन्नड बरल्ला", मला कन्नड येत नाही. हे वाक्य कन्नडमध्ये म्हटलं की समोरचा माणूस निम्मा आपला होतो. मग "एष्टु?" म्हणजे किती, "बेड" म्हणजे नको, "साकु" म्हणजे पुरे, "इल्लि निल्लिसि" म्हणजे इथे थांबवा. अक्का आणि अण्णा तर तुम्हाला येतातच. फुलवालीला अक्का म्हणा, रिक्षावाल्याला अण्णा म्हणा. हिंदीत सुरुवात करू नका, लोकांना ते आवडत नाही, आणि त्यांचं मला पटतं. आपल्या गावात येऊन कुणी आपल्या भाषेतला एक शब्दही उच्चारला नाही, तर आपल्याला तरी कुठे आवडतं?

पहिल्या दिवशी कब्बन पार्क स्टेशनला उतरा आणि बागेतून चालत कस्तुरबा रोडला जा. तुम्ही अगदी योग्य दिवसांत आला आहात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे टॅबेबुयाची झाडं फुलतात, गुलाबी आणि पिवळी, अंगावर पान नाही आणि नुसती फुलं. लालबाग या तिथल्या मोठ्या उद्यानाचे जर्मन अधिकारी क्रुम्बिगल यांनी झाडं लावताना असा विचार केला होता की एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा, शहरात कायम काहीतरी फुललेलं असावं. शंभर वर्षं होत आली, तो विचार अजून दर वर्षी फुलतो. जरा रमत चाला.

कस्तुरबा रोडला विश्वेश्वरय्यांच्या नावाचं औद्योगिक आणि तंत्रज्ञान संग्रहालय आहे, १९६२ साली नेहरूंनी उघडलेलं. शाळांच्या सहली असतात, गोंगाट असतो, तुम्हाला तो परका वाटणार नाही. राइट बंधूंच्या विमानाची खऱ्या मापाची प्रतिकृती तिथे आहे. पुस्तकातल्या चित्रावरून ते विमान किती नाजूक होतं हे कळत नाही. समोर उभं राहिल्यावर कळतं की लाकडाच्या काटक्या आणि कापड यांवर माणूस पोटावर पालथा पडून उडाला होता. इंजिनांचं दालन सावकाश बघा. आणि हे संग्रहालय ज्यांच्या नावाने आहे ते मैसूरचे दिवाण व्हायच्या कितीतरी आधी तुमच्याकडे होते, हे तिथे उभं राहून आठवा. विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअर झाले, १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले, आणि धुळ्याकडे पांझरेच्या पात्रातून पाण्याचे नळ पलीकडे नेण्याचं काम हे त्यांच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक. भर पावसाळ्यात, वाळूने भरून येणाऱ्या नदीत. तीच पांझरा पुढे तुमच्या अंमळनेर तालुक्यात येऊन तापीला मिळते. खडकवासल्याचे पाणी चढलं की आपोआप उघडणारे दरवाजे त्यानंतरचे, १९०३ चे. दिवाणपद १९१२ ते १९१८. बंगळूरची गोष्ट सांगताना लोक दिवाणांपासून सुरुवात करतात, तुम्ही पांझरेपासून करा.

दुसऱ्या दिवशी पेठ. यासाठी मात्र सकाळी सातलाच घर सोडा, म्हणजे गर्दीच्या आधी पोचाल. मॅजेस्टिकला जांभळी गाडी सोडून हिरवी पकडायची आणि कृष्णराजेंद्र मार्केटला उतरायचं. मॅजेस्टिकच्या एस.टी. स्टँडच्या जागी पूर्वी तलाव होता, धर्मांबुधी नावाचा. विज्ञानाच्या बाईंना ही गोष्ट सांगायलाच हवी, कारण या गावाला नदी नाही. ते उंच कण्यावर वसलंय, इकडचं पाणी कावेरीच्या खोऱ्यात आणि तिकडचं दक्षिण पिनाकिनीच्या. १५३७ मध्ये केंपेगौडांनी गाव वसवलं, त्यांनी आणि पुढच्यांनी तळी बांधून पाणी धरलं. नंतरच्यांनी तळी बुजवून स्टँड आणि स्टेडियम बांधली. आज तुमच्या चौदाव्या मजल्यावरच्या नळाला कावेरीचं पाणी येत असेल तर ते शंभरेक किलोमीटरवरून, सुमारे पाचशे मीटर उंच चढवून आणलेलं असतं. टँकरचं असेल तर त्याची कथा तुमची सून सांगेल.

मार्केटमध्ये फुलांच्या भागात जा. शेवंतीचे डोंगर, कनकांबरं म्हणजे आपली अबोली, मोगऱ्याचे गजरे. मला तिथली एक गोष्ट अजून तशीच डोळ्यांसमोर दिसते. बाई गजरा मोजते तो वजनावर किंवा नगावर नाही. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात लांब करते, त्यावर माळ धरते आणि म्हणते "ओंदु मोळ", एक हात. आपल्याकडचा हातभर. एखादीचा हात आखूड असतो, मग गिऱ्हाईक बाई आपला हात पुढे करते, "माझ्या हाताने मोज" म्हणते, आणि दोघी हसतात. एक मोळ घ्या आणि तिथेच केसात माळा.

याच भागात ५ ऑगस्ट १९०५ ला रस्त्यावर विजेचे दिवे लागले. वीज शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची. तिथलं वीजघर १९०२ मध्ये सुरू झालं ते कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी, आणि पुढे ती वीज शहराला मिळाली. तुम्ही विचारलंत ना, काचेच्या इमारतींपलीकडे काही आहे का? काच गेल्या तीसेक वर्षांतली. तिच्या खाली हे सगळं आहे: आधी वीज, मग विज्ञानाची संस्था, मग विमानाचा कारखाना, मग टेलिफोनचा, घड्याळांचा, रडारचा, मग उपग्रह, आणि सगळ्यांत शेवटी तुमच्या मुलाचं ऑफिस. हे शहर एका रात्रीत हुशार झालेलं नाही.

मार्केटपासून जवळच टिपूचा उन्हाळी महाल आहे, हैदरअलीने सुरू केलेला आणि १७९१ मध्ये पुरा झालेला, सगळा सागवानाचा. लागूनच कोटे वेंकटरमणाचं देऊळ. पायांत ताकद उरली असेल तर एस.पी. रोड चुकवू नका. नकाशावर सादर पत्रप्पा रोड असं सापडेल. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना खोक्यासारखी दुकानं, आणि त्यांत रेझिस्टर, कपॅसिटर, मोटारी, वायरींची भेंडोळी, जुने संगणक उघडून मांडलेले. दुकानदार प्लॅस्टिकच्या खणांतून चिमटीने इवलासा भाग काढतो, बल्बाखाली धरून रंगांचे पट्टे वाचतो आणि न बघता दुसऱ्या हाताने कागदाची पुडी बांधतो, वाण्याने वेलदोडे बांधावेत तशी. इंजिनिअरिंगची पोरं चिठ्ठ्या घेऊन रांगेत असतात. मला या शहराचा तंत्रज्ञानाशी असलेला संबंध कुठे सगळ्यांत खरा वाटला असेल तर त्या गल्लीत. नातवंडं असतील किंवा शाळेशी अजून संबंध असेल तर तिथून थोडं सामान घेऊन जा. परत गेल्यावर प्रयोगाला उपयोगी पडेल.

लालबाग तुम्हाला कुणीही सांगेल, म्हणून मी थोडक्यात सांगते. काचघराच्या फोटोत अडकू नका, आत तो उघडा खडक आहे त्यावर चढा. सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा खडक आहे तो. दहावीला तुम्ही पृथ्वीच्या वयाबद्दल शिकवलं असेल, त्यावर एकदा हात ठेवून बघा. नंदी हिल्स, वंडरला वगैरे मुलं नेतील तेव्हा जा, त्यासाठी तुमचा एकटीचा दिवस घालवू नका.

मल्लेश्वरमवर माझा जीव आहे, तेव्हा तिथे मी थोडी रेंगाळणार. हिरव्या मेट्रोने संपिगे रोडला उतरा. १८९८ च्या प्लेगनंतर मोकळी हवा मिळावी म्हणून वसवलेली ही वस्ती. आठव्या क्रॉसच्या बाजारात आपल्या तुळशीबागेसारखं वाटेल. तिथून काडू मल्लेश्वराच्या देवळात जा. काडू म्हणजे रान. वस्ती व्हायच्या आधी हे रानातलं महादेवाचं देऊळ, आणि त्याला गाव इनाम दिल्याचा १६६९ चा लेख आहे, व्यंकोजीराजांचा, म्हणजे शहाजीराजांच्या मुलाचा, शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाचा. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे इथे आले, आणि बंगळूर त्यांना जहागिरीत मिळालं. जिजाऊ आणि बाल शिवाजी इथे काही काळ राहून गेले. पुढे १६८७ मध्ये मोगलांनी गाव घेतलं आणि मैसूरच्या चिक्कदेवरायाला तीन लाखांना दिलं. पन्नास वर्षं हे गाव भोसल्यांचं होतं. माझ्या लेकीला मी त्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून हे सांगितलं होतं, आणि तिने विचारलं होतं, "मग ते कन्नड बोलायचे का?" मला अजून त्याचं उत्तर सुचलेलं नाही. देवळासमोर रस्त्याच्या पलीकडे नंदीतीर्थ आहे, खाली उतरून जायचं. नंदीच्या मुखातून पाण्याची धार खालच्या पिंडीवर पडत असते. १९९७ च्या सुमारास ते जमिनीखालून मोकळं केलं, तेव्हा आम्ही तिथेच राहत होतो आणि अख्खी आळी बघायला लोटली होती.

भूक लागली की दर्शिनीत जा. दर्शिनी म्हणजे उभ्याने खायची जागा. आधी पैसे देऊन टोकन, मग ते काउंटरवर, मग ताटली घेऊन उंच टेबलाशी. आपला उपमा तिथे खारा बात आणि आपला शिरा केसरी बात, आणि दोन्ही एका ताटलीत हवे असतील तर "चौ चौ बात" म्हणायचं. कॉफी स्टीलच्या पेल्यात येते. दोघी असाल तर "बाय टू" म्हटलं की एकीच्या किमतीत दोन छोटे पेले. एकट्याने खायला लाजू नका. तिथे तुमच्या वयाच्या बायका रोज सकाळी फिरून आल्यावर एकट्या उभ्या राहून इडली खातात आणि पुढे जातात, कुणी वळूनही बघत नाही.

आता जे मला तुम्हाला मनापासून सांगायचंय ते. मल्लेश्वरमच्या पलीकडे भारतीय विज्ञान संस्था आहे. जमशेदजी टाटांची कल्पना, मैसूरच्या राजघराण्याने दिलेली ३७१ एकर जमीन, स्थापना १९०९. एरवी आत सहज फिरता येत नाही, पण दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला एका शनिवारी संस्थेचा ओपन डे असतो. त्या दिवशी सगळ्यांना मोफत प्रवेश, प्रयोगशाळा उघड्या, आणि संशोधक मुलं-मुली आपापले प्रयोग समजावून सांगत उभी असतात. यंदाची तारीख संस्थेच्या संकेतस्थळावर आजच बघा. तुमच्या मुक्कामातच ती येण्याची फार शक्यता आहे.

त्या दिवशी मुख्य इमारतीसमोर, टाटांच्या पुतळ्यापाशी थोडा वेळ थांबा. १९३३ मध्ये बावीस वर्षांची एक मराठी मुलगी मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून या संस्थेत आली. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची बहीण. वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले. सी. व्ही. रामन तेव्हा संचालक होते. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई परत गेल्या नाहीत. कारण काय ते सांगा, म्हणून अडून राहिल्या. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, काम पटलं तरच मान्यता, आणि मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. त्यांनी ते वर्ष काढलं, काम करून दाखवलं, आणि त्यानंतर संस्थेचं दार मुलींना उघडलं. १९३९ मध्ये केंब्रिजहून त्या पीएचडी झाल्या, विज्ञानात ती पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतात. दर २८ फेब्रुवारीला तुम्ही शाळेत रामन यांचा फोटो लावून विज्ञान दिन साजरा केला असेल. रामन थोरच. पण तुमच्या वर्गातल्या किती मुलींना कमलाबाईंची ही गोष्ट ठाऊक आहे?

या दिवशी मात्र मुलाला आणि सुनेला बरोबर न्या. तोवर तुम्ही मेट्रोने चार वेळा फिरलेल्या असाल, कुठे गाडी बदलायची ते तुम्हीच त्यांना सांगाल. सुनेला कमलाबाईंची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकू दे.

तुमच्या ह्यांनाही एक दिवस द्या. गुडघ्यांना झेपेल असं ठिकाण म्हणजे जुन्या विमानतळाच्या रस्त्यावरचं हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं विमान संग्रहालय. तुमच्याकडून टॅक्सीने सरळ जाता येतं, चालणं बेताचं, बसायला जागा. हा कारखाना १९४० मध्ये काढला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, मैसूर संस्थानाला बरोबर घेऊन. देशात मोटारही धड बनत नव्हती तेव्हा या माणसाने विमानाचा कारखाना उभा केला. तुमच्या ह्यांना विमानांपाशी बसवा, टीव्हीची आठवण यायची नाही.

आणि काचेच्या इमारती बघायच्याच असतील तर २०२५ मध्ये सुरू झालेल्या पिवळ्या मेट्रोतून बघा. आर. व्ही. रोडला बसा आणि इलेक्ट्रॉनिक सिटी ओलांडून बोम्मसंद्रापर्यंत जा. सिल्क बोर्डचा तो प्रसिद्ध चौक वरून दिसेल, खाली गाड्या खोळंबलेल्या आणि तुम्ही वरून निघून चाललेल्या. त्याच वाटेवर इन्फोसिसचं आवार आहे, १९८१ मध्ये पुण्यात सुरू होऊन १९८३ मध्ये इथे आलेली कंपनी. आणि विप्रोबद्दल मी अंमळनेरच्या माणसाला काय सांगणार! १९४५ मध्ये तुमच्या गावात वनस्पती तूप बनवायला निघालेली कंपनी आज या शहरातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक आहे. तुमच्या मुलाच्या ऑफिसातल्या किती जणांना अंमळनेर कुठे आहे हे माहीत असेल? एखाद्या शनिवारी त्याचे मित्र घरी आले की तुम्हीच त्यांना तेलाच्या गिरणीची गोष्ट सांगा. तुम्ही त्या भोंग्यावर घड्याळ लावलेलं असेल, ते ऐकायला मिळणं त्यांच्यासाठी मोठी गोष्ट आहे.

एक काम तेवढं आज संध्याकाळीच करा. खाली गेटवर जा आणि रखवालदाराकडून घराचा पत्ता कन्नडमध्ये लिहून घ्या, मोठ्या अक्षरांत, सोसायटीचं नाव आणि जवळची खूण यांसह. मागे मुलाचा नंबर लिहा आणि तो कागद पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. जाताना वही आणि पेन तुमचं न्या, आणि लिहून झालं की एकदा त्याच्याकडून वाचून घ्या, म्हणजे उच्चार कळतील.

तुमची,
ताई